खडकीचें काडतूस आणि मातीचें कबूतर

खडकी हें नांव उच्चारतांच सुशिक्षित मराठी मनुष्याच्या मनांत ५ नोव्हेंबर १८१७ ही तारीख उभी राहते. बापू गोखल्यांची फौज, समोर कर्नल बरच्या पलटणी, आणि पर्वतीवरून लढाई पाहणारे बाजीराव हें चित्र इतकें परिचित आहे कीं, तें येथें पुन्हां रंगविण्याचें कारण नाहीं. आम्हांस सांगावयाची आहे ती त्याच भूमीची दुसरी हकीकत. ती लहान आहे, आणि तिच्यांत तरवार कोठेंच नाहीं.

त्या लढाईनंतर ५२ वर्षांनीं, म्हणजे १८६९ सालीं, इंग्रज सरकारनें खडकीस काडतुसांचा कारखाना काढला. पुढें अवघ्या नऊ वर्षांत, १८७८ सालीं, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला. गोऱ्या लोकांस त्या कायद्याच्या बंधनांतून सूट मिळाली. एतद्देशीयास मात्र बंदूक बाळगावयाची तर परवान्याचा कागद हवा. म्हणजे पुणेकरांच्या उंबरठ्यावर काडतुसांच्या राशी तयार व्हाव्या, आणि त्यांतील एक खिशांत बाळगण्यासाठीं त्यांनीं कलेक्टरकचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या, असा तो योग होता! राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केले, पण कायदा हलला नाहीं. स्वराज्यांत १९५९ सालीं नवा कायदा आला. परवाना तेवढा राहिला, आणि तो राहावा हेंच आम्हांस योग्य वाटतें. मात्र शस्त्राशीं सभ्य परिचय असणें व शस्त्राची भीति नसणें या गोष्टी आपल्या मध्यमवर्गांतून ज्या नाहींशा झाल्या, त्यांचें मूळ १८७८ मध्यें आहे, हें विसरतां कामा नये.

ज्यांच्या घरीं बंदूक राहिली ते संस्थानिक, जहागीरदार, शौकीन वकील, आणि रानडुकरांपासून पीक राखणारे शेतकरी. त्यांची बंदूक म्हणजे बहुधा बारा बोअरची दुनळी. हा ‘बारा’ कोठून आला, हें पुष्कळ बंदूकवाल्यांसही ठाऊक नसतें. नळींत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी एका पौंडांत बारा होतात, म्हणून ती बारा बोअरची. अर्थात् आंकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. या दुनळीचा मुख्य उपयोग शिकार. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें दार लावून घेतलें. तें लावणें अवश्यच होतें. पण मग शौकिनाच्या बंदुकीस निर्दोष असें काम कोणतें उरलें? एकच उरलें: आकाशांत भिरकावलेली थाळी फोडणें.

या खेळाचा जन्म मात्र फारसा निर्दोष नाहीं. इंग्लंडांत पेटींत कोंडलेलीं जिवंत कबुतरें दोरी ओढून उडवीत आणि तीं टिपण्यावर पैजा लावीत. १९०० सालच्या पॅरिसच्या ऑलिंपिकांत देखील जिवंत कबुतरें मारण्याची चढाओढ झाली होती. त्यापूर्वींच अमेरिकेंत कांचेचे गोळे उडवून पाहिले गेले. पण कांचेचा गोळा पक्ष्यासारखा तरंगत जात नाहीं. १८८० सालीं सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगौस्की यानें भाजलेल्या मातीची चपटी थाळी व ती फेकण्याचें यंत्र यांचें पेटंट घेतलें. मुलें शिंपले पाण्यावरून सरपटत फेकीत होतीं, तें पाहून त्यास ही युक्ति सुचली असें सांगतात. आपल्याकडील नदीकांठच्या मुलांसही तो खेळ नवा नाहीं. अखेर १९२१ सालीं इंग्लंडांत कोंडलेले पक्षी उडवून मारणें कायद्यानें बंद झालें. आजची थाळी मातीची नसून डांबर व चुनखडी यांची असते. तरी तिला ‘मातीचें कबूतर’ म्हणण्याची चाल गेली नाहीं, आणि नेमबाज आजही थाळी सोडण्यासाठीं ‘पुल्’, म्हणजे ‘ओढ’, असेंच ओरडतो. दोरी गेली, शब्द राहिला.

या खेळाचे आज ऑलिंपिकांत दोन प्रकार आहेत. ‘ट्रॅप’मध्यें पुढील खंदकांतून थाळी नेमबाजापासून दूर पळते, डावीकडे कीं उजवीकडे, हें त्यास आगाऊ कळत नाहीं. ‘स्कीट’मध्यें दोन बुरुजांतून थाळ्या आडव्या येतात. स्कीटचें मैदान प्रथम पूर्ण वर्तुळाकार होतें. शेजाऱ्यानें कोंबड्या पाळल्या म्हणून तें अर्धें करावें लागलें, अशी मौजेची हकीकत आहे.

बंदूक निवडतांना नवशिका नळीकडे पाहतो, जाणता दस्त्याकडे. कारण छऱ्याच्या बंदुकीस रायफलीसारखा मागील नेम नसतो. नेमबाजाचा डोळा हाच तो नेम. दस्ता गालास नेमका बसला नाहीं, तर डोळा नळीच्या रेषेंतून सरकतो आणि छर्रे भलतीकडे जातात. दस्ता लांब असेल तर तो अंगरख्यांत अडकतो, आंखूड असेल तर अंगठा नाकावर आपटतो. म्हणून वडिलांची जुनी बंदूक मुलास वारशानें मिळाली, तरी ती त्याच्या खांद्यास मानवेलच असें नाहीं. शेजारीं-शेजारीं नळ्यांची दुनळी शिकाऱ्याची. थाळीसाठीं एकीवर एक नळी असलेली बंदूक बरी, कारण दृष्टीपुढें एकच अरुंद पट्टी राहते. हलकी बंदूक दुकानांत मोहक वाटते, पण शंभर बार काढल्यावर खांदा तिची निंदा करतो. साडेतीन किलोच्या आसपासची जड बंदूक धक्का गिळते व हात एका लयींत फिरूं देते. नळीचें तोंड किंचित् आवळलेलें असतें, त्यास ‘चोक’ म्हणतात. ट्रॅपची थाळी दूर जाते, तेथें चोक घट्ट हवा, स्कीटला मोकळा.

आपल्या देशांत या विद्येस संघटित रूप १९५१ सालीं राष्ट्रीय रायफल संघाच्या स्थापनेनें आलें. त्या संघाचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर हे होते. मराठी घराण्यांतील या अहमदाबादकर वकिलाचें नांव आजही एका मोठ्या नेमबाजी स्पर्धेस आहे. थाळीच्या खेळांत मात्र यश राजस्थानाकडे गेलें. बिकानेरचे महाराज कर्णीसिंह यांनीं १९६२ सालीं कैरोच्या जागतिक स्पर्धेंत ट्रॅपचें रौप्यपदक मिळविलें. २००४ सालीं अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं डबल ट्रॅपमध्यें ऑलिंपिक रौप्य आणलें. तो डबल ट्रॅपही २०१६ नंतर ऑलिंपिकांतून गेला.

आणि महाराष्ट्र? अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, २०२४ सालीं पॅरिसला कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे सारे रायफलवाले. याचें कारण अंगच्या गुणांत शोधूं नये. तें जमाखर्चांत आहे. हवेच्या रायफलीस दहा मीटरांची खोली पुरते, आणि तिची गोळी अर्ध्या ग्रॅमची. ट्रॅपच्या एका काडतुसांत २४ ग्रॅम शिसें असतें. १२५ थाळ्यांवर एकेक बार काढला तरी तीन किलो शिसें उडून जातें, आणि तें निर्धास्त पडावें म्हणून शेंकडों मीटर निर्जन जमीन लागते. पुण्याभोंवतीं अशी जमीन ज्याला मिळते, तो तिजवर इमारत बांधतो. शिवाय स्पर्धेचीं काडतुसें बहुतेक परदेशांतून येतात.

खडकीचा कारखाना अद्याप चालू आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. लष्कराच्या मालाबरोबर बारा बोअरचीं काडतुसेंही तेथें होतात, आणि ‘के. एफ.’, म्हणजे किरकी फॅक्टरी, हीं अक्षरें देशभरच्या परवानेधारकांस परिचित आहेत. पुण्यांत बँकेच्या दारीं स्टुलावर बसलेल्या वृद्ध पहारेकऱ्याच्या पट्ट्यांत तीं काडतुसें अनेकदां दिसतात. बहुधा तो निवृत्त शिपाई असतो, आणि त्याची दुनळी शेजारीं-शेजारीं नळ्यांचीच असते.