भिंतीने धरलेला हात

माझ्या कोपरांवर गेली वीस वर्षे सोरायसिसचे लाल चट्टे आहेत. एकदा एका न्हाव्याने ते पाहिले आणि हातातला वस्तरा खाली ठेवला. ‘हा लागट रोग नाही,’ मी म्हणालो. ‘मग आहे तरी काय?’ त्याने विचारले. मला सांगता येईना. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. उत्तर शोधत पुस्तके चाळत गेलो आणि थेट बेडकाच्या जिभेपाशी पोहोचलो.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवली होती. आत काय घडते, ते मात्र दिसायचे होते. १८४६ मध्ये ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरांनी बेडकाची जीभ सूक्ष्मदर्शकाखाली धरली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिनीची भिंत ओलांडताना त्यांना दिसल्या. ते निरीक्षण विस्मरणात गेले. १८६७ मध्ये बर्लिनच्या ज्युलियस कोनहाइम यांनी तेच दृश्य पुन्हा, बारकाईने टिपले. वाहत्या पेशी कडेला येतात, रेंगाळतात, चिकटतात आणि बाहेर पडतात. पू जागच्या जागी तयार होतो, असे त्यांचे गुरू विर्चो मानत. शिष्याने दाखवले, की पुवातल्या पेशी रक्तातून येतात. दाहात भिंतच बदलत असावी, असेही कोनहाइम यांनी पुढे मांडले. कोणता बदल, हे कळायला शंभराहून अधिक वर्षे गेली.

१९८० च्या दशकात ते कोडे उलगडत गेले. दाहाच्या जागी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकटून धरणारे रेणू वाढतात. सिलेक्टिन पेशीचा वेग कमी करते, मग ‘आयकॅम-१’ तिला घट्ट धरतो. ही पकड जन्मतःच नसलेली बाळेही डॉक्टरांनी पाहिली. त्यांची नाळ उशिरा गळते, जखमेत पू धरत नाही आणि जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही. उलट, सोरायसिसच्या चट्ट्याखाली हेच रेणू वाढलेले सापडले. चोर नसताना पहारेकऱ्यांना हाका!

मग ही पकडच सोडवली तर? २००३ मध्ये अमेरिकेत एफालिझुमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली. पांढऱ्या पेशीचा आयकॅमला धरणारा हात ते अडवत असे. बऱ्याच जणांचे चट्टे कमी झाले. पण तोच हात शरीराची राखणही करतो. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूत एरवी निपचित असणारा विषाणू उसळला. काहींचा जीव गेला. २००९ मध्ये औषध बाजारातून मागे घेतले गेले. आजची अनेक नवी औषधे तो हात धरत नाहीत. दाह पेटवणारे पेशींमधले निरोप अडवतात. तीही जपूनच द्यावी लागतात.

पुढे त्याच न्हाव्याकडे गेलो आणि हे सारे माझ्या भाषेत सांगितले. तो म्हणाला, ‘म्हणजे घरचाच पहारेकरी घरच्यांवर काठी उगारतो.’

‘अगदी तसेच. आणि तो शेजारच्या घरात जात नाही.’

त्याने टॉवेल झटकला आणि मला खुर्ची दाखवली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)