उकिरड्याचा दंड

इ. स. १५५२ च्या एप्रिल महिन्यात इंग्लंडातील स्ट्रॅटफर्ड या लहानशा बाजारगावी तिघा गृहस्थांना प्रत्येकी एक शिलिंग दंड झाला. हेन्ली स्ट्रीट या रस्त्यावर त्यांनी नगराचा नियम मोडून उकिरडा घातला होता. या तिघांपैकी एकाचा धंदा हातमोजे शिवण्याचा. पुढे बारा वर्षांनी त्याला एक मुलगा झाला व त्याचे नाव विल्यम ठेवण्यात आले. शेक्सपिअरच्या पित्याचे त्या गावच्या दप्तरात प्रथम दर्शन घडते ते असे, उकिरड्याच्या निमित्ताने. गमतीची गोष्ट अशी की, १५५९ साली हाच जॉन शेक्सपिअर दंडाच्या रकमा ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांत जाऊन बसला आणि १५६८ साली तर तो नगराचा प्रमुख झाला. एकदा दंड भरलेला मनुष्य दंड बसविण्यास अपात्र ठरत नाही, असे त्या गावाचे मत असावे. आणि ते शहाणपणाचेच म्हटले पाहिजे.

रस्त्यावर केर टाकणाऱ्याला शासन करण्याची कल्पना मात्र इंग्लंडाहून पुष्कळ जुनी आहे. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेला आणि पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० पासून तीन भागांत साक्षेपाने संपादिलेला कौटिल्याचा अर्थशास्त्र हा ग्रंथ उघडला, म्हणजे नगराच्या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांचे प्रकरण लागते. रस्त्यावर धूळमाती टाकली तर पणाचा आठवा भाग दंड. चिखलपाण्याने रस्ता अडविला तर पाव पण. हाच अपराध राजमार्गावर घडला तर दुप्पट. मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा साप मरून पडला आणि तो नगरातच टाकून दिला तर तीन पण. गाढव, उंट, खेचर, घोडा किंवा गुरे यांचे प्रेत टाकले तर सहा. मनुष्याचे प्रेत टाकले तर पन्नास. पुण्यस्थानी, पाणवठ्यावर, देवालयापाशी घाण करणाऱ्याला निराळा दंड सांगितला आहे. पण औषध, आजार किंवा भीती यांमुळे तसे घडले असल्यास तो माफ आहे. एवढा बारीक विचार करणारा ग्रंथकार कारकुनी वृत्तीचा होता असे कोणी म्हणेल. परंतु अपराधाच्या आकारमानाप्रमाणे दंड वाढत जावा, हे तत्त्व त्याने पक्के धरले होते.

याच प्रकरणात आणखी एक नियम आहे आणि तो अधिक लक्ष देण्याजोगा आहे. प्रेत नेण्यासाठी ठरविलेला मार्ग किंवा दरवाजा सोडून कोणी दुसरीकडून ते नेले, तर नेणाऱ्याला पूर्वसाहस म्हणजे अठ्ठेचाळीस ते शहाण्णव पण दंड होई. ज्याने ते जाऊ दिले त्या द्वारपालाला मात्र दोनशे पण! चुकणाऱ्या नागरिकाहून डोळेझाक करणाऱ्या नोकरावर अधिक भार टाकणारा हा कायदा प्रत्यक्षात किती पाळला गेला, हे ग्रंथावरून ठरविता येत नाही. तथापि तो लिहिणाऱ्याला राज्यकारभाराची जवळून ओळख होती, याविषयी शंका उरत नाही.

मुंबईची कथा वेगळ्या वळणाने जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे शहर इतक्या झपाट्याने वाढले, की घरे आधी आली आणि गटारे मागाहून. दोन चाळींच्या पाठींमधून एक अरुंद बोळ सोडलेला असे. त्याला शौचकूपांच्या टोपल्या काढण्याची वाट म्हणून राखलेले असे, परंतु वरच्या मजल्यावरून खरकटे, राख, फाटके कपडे असे जे जे नको ते ते सर्व त्याच बोळात पडे. टाकणारा दिसत नसे. उचलणारा तेवढा दिसे. हा उचलणारा म्हणजे हलालखोर. त्याच्या नावाने नगरपालिका घरमालकांकडून हलालखोर कर वसूल करी. शहरातील पुष्कळसा केर सखल, दलदलीच्या भागांत भराव म्हणून टाकला जाई आणि त्याच भरावावर पुढे वस्ती उभी राही.

१८६५ च्या कायद्याने सर्व कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला आणि त्या जागी आर्थर क्रॉफर्ड याची नेमणूक झाली. क्रॉफर्ड मोठा धडाडीचा आणि तितकाच उधळा. कत्तलखाने शहराबाहेर वांद्र्याला गेले, बाजार बांधले गेले, आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट यांनी गल्लीबोळांची पाहणी चालविली. पण या सर्वांचा खर्च करदात्यांच्या डोक्यावर बसला, आणि १८७१ साली त्यांनी असा काही गिल्ला केला की क्रॉफर्डला जावे लागले. त्यानंतर १८७२ चा कायदा झाला आणि लोकनियुक्त सभासद असलेले कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. १८८८ साली त्याची अधिक विस्तृत आवृत्ती निघाली. तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्यातील ३६५ पासूनची कलमे केरासंबंधी आहेत. रस्ते झाडणे आणि केर उचलणे यांची तजवीज कमिशनरने करावी; केरासाठी पेट्या व जागा नेमाव्यात; आणि घरमालकाने व भाडेकऱ्याने आपला केर त्या पेटीत नेऊन टाकावा. पालिकेच्या नोकरांनी गोळा केलेला केर हा पालिकेच्या मालकीचा होतो, असेही एक कलम आहे. एखाद्या शहराने आपल्या उकिरड्यावर इतक्या गंभीरपणे हक्क सांगितल्याचे वाचून हसू येते. परंतु शेतखत म्हणून केराला किंमत होती, तेव्हा हे कलम निरर्थक नव्हते.

या साऱ्या व्यवस्थेची कसोटी १८९६ साली लागली. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या वैद्याने प्लेगचे निदान केले. रोगाचे मूळ घाणीत आहे, अशी त्या वेळची समजूत. उंदीर आणि पिसू यांचा संबंध पुढे सिद्ध व्हावयाचा होता. कमिशनर स्नो यांनी गटारे धुवून काढली, चुन्याचे हात फिरविले, जंतुनाशके ओतली, आणि ऑक्टोबरच्या आरंभी रोग्यांना बळाने रुग्णालयात नेण्याचा हुकूम काढला. शहरात भीतीचे वारे सुटले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, आणि लगेच तो हुकूम सैल करण्यात आला. हा निर्णय केवळ दंग्याच्या धाकाने झाला असे समजणे चुकीचे ठरेल. स्नो यांना त्याहून मोठी भीती होती ती ही, की सक्तीला घाबरून हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर काय? आठ लाखांवर वस्तीच्या त्या शहरातून जवळजवळ निम्मे लोक पुढील काही महिन्यांत बाहेर पडले. व्यापारी गेले, कारकून गेले. ते गेल्याने शहर ओस दिसले, पण चालू राहिले. टोपली उचलणारे गेले असते तर ते राहण्याजोगेच उरले नसते, हे पालिकेच्या प्रमुखाला पुरते कळले होते.

ही जाणीव कायद्यात मात्र फार विपरीत रीतीने उतरली. इंग्रजी अमदानीतील कित्येक नगरपालिका कायद्यांनी सफाई करणाऱ्याने आगाऊ सूचना न देता काम सोडणे हाच गुन्हा ठरविला होता. पंजाबचा १९११ चा कायदा हे त्याचे ठळक उदाहरण. केर टाकणाऱ्याला दंड क्वचित, आणि उचलणाऱ्याने हात थांबविले की खटला! डॉ. आंबेडकरांनी या अन्यायाकडे बोट दाखविले होते, आणि १९३५ साली मुंबईत त्यांच्या पुढाकाराने म्युनिसिपल कामगार संघ स्थापन झाला.

पॅरिसने हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. तेथील प्रीफेक्ट यूजेन पूबेल याने नोव्हेंबर १८८३ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने भाडेकऱ्यांसाठी झाकणाच्या पेट्या ठेवाव्यात, आणि कुजणारा केर, कागद-चिंध्या व काचा-शिंपले वेगवेगळे ठेवावेत. घरमालक खर्चाने चिडले. रात्री रस्त्यावरचे ढीग चिवडून पोट भरणारे हजारो चिंध्यावाले उपासमारीच्या भीतीने खवळले. तेव्हा त्यांना पेट्या उचलल्या जाण्यापूर्वी त्यांतील माल निवडण्याची सवलत द्यावी लागली. विरोधकांनी प्रीफेक्टचे नाव चिडून पेटीलाच दिले, आणि फ्रेंच भाषेत केराच्या पेटीला आजतागायत ‘पूबेल’ म्हणतात.

मुंबईतही केर शहराबाहेर नेण्याची सोय विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. बैलगाड्यांतून महालक्ष्मीला येणारा केर रेल्वेच्या वाघिणींत भरून चेंबूरकडील दलदलीत नेऊन टाकीत. १९२७ पासून देवनारची जागा वापरात आली. ती तेव्हा शहराच्या वेशीबाहेर होती. पुढे वेसच सरकली. ढिगाभोवती वस्ती झाली, आणि जानेवारी २०१६ मध्ये त्या ढिगाने पेट घेतला तेव्हा धुराने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

त्याआधी, २००६ च्या उपविधींनी मुंबईत रस्त्यावर केर टाकल्यास दोनशे रुपये दंड ठरला, आणि २००७ पासून तो वसूल करण्यासाठी खाजगी संस्थांमार्फत ‘क्लीन-अप मार्शल’ नेमले गेले. कागदाचा बोळा टाकणारा वाटसरू सापडत असे. पावती न देता पैसे उकळल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०११ च्या सुमारास योजना थांबवावी लागली. ती पुढे पुन्हा सुरू झाली, आणि तक्रारीही तिच्यामागोमाग आल्या. कौटिल्याने दोनशेचा आकडा द्वारपालासाठी राखला होता, याची आठवण त्या वेळी कोणाला झाली नसेल.

वाटसरू भर दुपारी सापडतो. राडारोड्याचा ट्रक रात्री येतो आणि खाडीकाठच्या तिवरांत रिकामा होऊन निघून जातो. मांजराला तीन आणि घोड्याला सहा, ही चढती श्रेणी येथे फारशी लागू पडली नाही. शेवटी दंडाच्या पावतीने जे साधले नाही त्याला न्यायालयाने हात घातला. टाकण्याची नियमबद्ध जागाच शिल्लक नाही, हे पाहून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या फेब्रुवारी महिन्याच्या शेवटी शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातला. दोन वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो सहा महिन्यांपुरता सैल केला. अट अशी, की राडारोडा कोठे नेऊन टाकणार याची योजना बांधणाऱ्याने आधी मंजूर करून घ्यावी आणि तो नेमल्या जागीच नेऊन टाकावा.