दुसरे घर, भाडेकरू आणि हिशेब

राहत्या घराचे कर्ज फिटत आले की शहरी मध्यमवर्गीय कुटुंबात दुसऱ्या घराचा विषय निघतो. सोने कपाटात पडून राहते, ठेवींवरील व्याजाचा भरवसा नसतो; घर मात्र दरमहा भाडे देते आणि त्याची किंमतही वाढते, असा यामागचा विचार असतो. तो अगदीच चुकीचा नाही. मात्र घर विकत घेणे हा एकदाचा व्यवहार असतो, तर ते भाड्याने देऊन सांभाळणे हा वर्षानुवर्षे चालणारा व्यवसाय. नवखा गुंतवणूकदार बहुधा पहिल्याची तयारी करतो आणि दुसऱ्यात अडखळतो.

हिशेब भाड्यापासून

उदाहरणादाखल पुण्यातील ६० लाख रुपयांची सदनिका घेऊ. ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क धरता ती प्रत्यक्षात साडेचौसष्ट लाखांना पडते. तिला दरमहा १५ हजार रुपये भाडे येते आणि दोन भाडेकरूंच्या मध्ये वर्षातून एक महिना ती रिकामी राहते, असे मानल्यास वार्षिक उत्पन्न १ लाख ६५ हजार होते. त्यातून सोसायटीचे शुल्क ३० हजार, मालमत्ता कर १२ हजार आणि रंगकाम, दुरुस्ती व दलालीचे १५ हजार वजा केल्यास हाती १ लाख ८ हजार उरतात. गुंतवलेल्या रकमेवर हा परतावा १.७ टक्क्यांच्याही आत आहे.

हीच सदनिका कर्ज काढून घेतल्यास चित्र आणखी बदलते. ४५ लाखांच्या कर्जाला ९ टक्के दराने २० वर्षांसाठी दरमहा सुमारे साडेचाळीस हजारांचा हप्ता पडतो. भाड्यातून हप्ता फिटेल, ही अपेक्षा येथेच कोलमडते. दरमहा २५ हजारांहून अधिक रक्कम खिशातून घालण्याची तयारी नसेल, तर सारा भार भविष्यातील किंमतवाढीवर पडतो आणि तिची हमी कोणीच देत नाही. म्हणून सदनिका पाहण्यापूर्वी त्या परिसरातील प्रत्यक्ष भाडे, मागणी आणि मालमत्ता कर यांची चौकशी करावी. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्या मालकास करात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

कागदपत्रे

भाड्याचे उत्पन्न लगेच हवे असल्यास तयार घर सोयीचे; बांधकाम सुरू असलेल्या घराचा हप्ता सुरू होतो, भाडे नाही. शिवाय अशा घरावर वस्तू व सेवा कर लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही. बांधकामाधीन घर घ्यायचे झाल्यास प्रकल्पाची 'महारेरा'कडील नोंदणी तपासावी. स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाला स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. जुन्या घराच्या बाबतीत भोगवटा प्रमाणपत्र, सूची क्रमांक दोन, सोसायटीचे भागपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

भाडेकरूची भीती

भाडेकरू घर बळकावील, या भीतीने आजही अनेक सदनिका कुलूपबंद राहतात. या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना भक्कम संरक्षण दिले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही दुरुस्तीद्वारे भाडेकरूचा दर्जा मिळाला. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि परिस्थिती पालटली. 'लिव्ह अँड लायसन्स' कराराची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध मालकाला कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

मात्र हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कलम ५५ नुसार बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असून, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. करार नोंदवलेला नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढण्याचे ओझे मालकावर येते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोटरीचा शिक्काही पुरेसा नाही. मुद्रांक शुल्क भाडे आणि अनामत रकमेवरील मानीव व्याज यांच्या बेरजेवर अवघे पाव टक्का आहे. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये असून, नोंदणी घरबसल्या ऑनलाइन करता येते.

सांभाळणे हाच व्यवसाय

भाडेकरू ठेवताना सोसायटीला लेखी कळवावे आणि पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. २००१ च्या शासन निर्णयानुसार सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही. ताबा देताना पंखे, दिवे, गिझर यांची यादी, विजेच्या मीटरवरील आकडा आणि खोल्यांची छायाचित्रे दोघांच्या स्वाक्षरीने जपून ठेवावीत. अनामत रक्कम परत करतानाचे बहुतेक वाद त्याने टळतात. भाड्याचे उत्पन्न करपात्र असते. मात्र भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

भाडे वेळेवर येते का, हे मालक पाहतोच. नळ गळत असल्याचा निरोप गेल्यावर मालक किती दिवसांत प्लंबर पाठवतो, हे भाडेकरूही पाहत असतो. चांगला भाडेकरू तीन वर्षे टिकला, तर रिकामे महिने, दलाली आणि रंगकाम यांचा खर्च वाचतो. वर मांडलेल्या हिशेबात मालकाच्या हाती असलेली बचत मुख्यतः हीच आहे.