मातीआड गेलेल्या देवता : मेक्सिकोच्या संग्रहालयांतील एक फेरी

मेक्सिको शहराच्या पश्चिम भागांत चापुल्तेपेक नांवाचें एक विस्तीर्ण उपवन आहे. तेथें राजरस्त्याच्या कडेला सुमारें सात मीटर उंचीची एक दगडी मूर्ति उभी आहे. तिचें वजन १६० टनांहून अधिक आहे. उन्हापावसानें तिचे नाकडोळे झिजून गेले आहेत. लोक तिला त्लालोक, म्हणजे मेक्सिकोचा पर्जन्यदेव, या नांवानें ओळखतात. कांहीं विद्वान् मात्र ही मूर्ति पर्जन्यदेवाची नसून जलदेवीची आहे असें म्हणतात. वाद कसाहि मिटो, या दगडासमोर घटकाभर थबकत नाहीं असा प्रवासी विरळा. तिच्यामागें मेक्सिकोचें राष्ट्रीय मानववंशशास्त्राचें संग्रहालय आहे. मेक्सिकोचा मध्य व दक्षिण भाग, ग्वातेमाला आणि त्यालगतचे प्रदेश मिळून जो भूभाग होतो त्याला इतिहासकारांनीं मेसोअमेरिका असें नांव दिलें आहे. त्या भूभागाच्या तीन हजार वर्षांच्या इतिहासाची फेरी येथें एका दिवसांत पायीं करतां येते.

संग्रहालय १७ सप्टेंबर १९६४ रोजीं उघडलें. पेद्रो रामिरेझ वास्केझ या शिल्पज्ञानें त्याची रचना केली. आंत शिरतांच एक लांबरुंद चौक लागतो. त्या चौकावर एकाच खांबानें तोलून धरलेलें प्रचंड छत्र आहे, आणि त्या खांबाभोंवतीं वरून पाण्याचा पडदा अखंड कोसळत असतो. बाहेर पर्जन्यदेव, आंत पर्जन्य! चौकाच्या तिन्ही बाजूंना दालनें आहेत. मार्गदर्शक प्रवाशांना उजव्या हातानें नेऊं लागतो तो मानवाच्या अमेरिकेंतील आगमनापासून.

आरंभीचीं दालनें बहुतेक लोक घाईनें ओलांडतात. वस्तुतः मक्याच्या शेतीची कथा तेथेंच सांगितली आहे, आणि मक्यावांचून पुढचें एकहि नगर उभें राहिलें नसतें. महाराष्ट्रांतील श्रोत्याला तर येथें थांबण्याचें विशेष कारण आहे. ज्या मिरचीवांचून त्याच्या घरचा ठेंचा होत नाहीं ती मिरची मूळची याच भूमींतील. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली. टोमॅटो हा शब्दहि मेक्सिकोच्या नावात्ल भाषेंतूनच निघून जगभर गेला.

पुढें तेओतिउआकान नगराचें दालन आहे. इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांत या नगरांत लाखभर लोक राहत असावेत असा अंदाज आहे. तेथील सूर्याचा पिरॅमिड सुमारें ६५ मीटर उंच आहे. पिसें असलेल्या सर्पाच्या मंदिराचा दर्शनी भाग संग्रहालयांत मूळ आकारांत व रंगांत पुन्हां उभा केला आहे. हे लोक स्वतःस काय म्हणवीत, हें कोणास ठाऊक नाहीं. नगर ओस पडल्यावर कित्येक शतकांनीं आलेल्या अझ्टेकांनीं ते भग्नावशेष पाहिले, आणि हें काम माणसांचें असूं शकत नाहीं, येथें देवच घडले असले पाहिजेत, अशा अर्थाचें नांव त्या स्थळास दिलें. तेंच आज रूढ आहे. म्हणजे ज्यांना आपण प्राचीन म्हणतों त्यांनाहि त्यांचे प्राचीन होते.

आखाताच्या किनाऱ्यावरील दालनांत ओल्मेक लोकांनीं बसॉल्टच्या एकेका खडकांतून कोरलेलीं अजस्र मस्तकें आहेत. या भूभागांत चाकें लावलेलीं मातीचीं खेळण्यांतलीं जनावरें सांपडलीं आहेत. चाक या लोकांस ठाऊक होतें. परंतु गाडा मात्र कोणीं केला नाहीं, कारण ओढावयास बैल अगर घोडा नव्हता. तेव्हां संग्रहालयांतील प्रत्येक शिळा खाणीपासून मंदिरापर्यंत माणसांच्या खांद्यांवर, दोरांवर आणि नद्यांच्या पाण्यावरून गेलेली आहे.

प्रवेशद्वाराच्या अगदीं समोर, चौकाच्या शेवटीं, अझ्टेकांचें दालन आहे. हे लोक स्वतःस मेशिका म्हणवीत. सरोवरांतील बेटावर वसलेली त्यांची राजधानी तेनोच्तित्लान ही स्पेनच्या एर्नान कोर्तेसनें १३ ऑगस्ट १५२१ रोजीं जिंकली. मंदिरें पाडलीं गेलीं. त्यांच्या दगडांनीं त्याच जागीं गिरजाघरें आणि वाडे उठले. अडीचशेंहून अधिक वर्षें त्या नगराचें दैवत पायांखालच्या मातींत निजून राहिलें.

१७९० सालीं व्हाइसरॉय रेव्हिलागिगेदो याच्या कारकीर्दींत शहराच्या मुख्य चौकांत फरसबंदीचें व गटारांचें काम चालूं होतें. १३ ऑगस्ट रोजीं, म्हणजे नगर पडलें त्याच तारखेस, मजुरांच्या कुदळी एका प्रचंड दगडावर आदळल्या. वर निघाली ती अडीच मीटरांहून उंच अशी देवीची मूर्ति. तिला मस्तक नाहीं. मानेंतून निघालेले दोन सर्प तोंडाला तोंड भिडवितात आणि त्या दोन मुखांचें मिळून एक मुख बनतें. कमरेस वळवळणाऱ्या सर्पांचें वस्त्र, गळ्यांत तोडलेले हात व काढलेलीं हृदयें यांची माळ, माळेच्या टोंकाला पदकाप्रमाणें कवटी. तिचें नांव कोआत्लिक्वे, म्हणजे सर्पवस्त्रा. ही मेशिकांच्या युद्धदेवाची, उइत्सिलोपोच्त्लीची माता. कोआतेपेक डोंगरावरील मंदिर झाडीत असतां आकाशांतून पिसांचा गोळा पडला, तो तिनें वस्त्रांत खोंचला आणि तिला गर्भ राहिला. आपल्या मातेनें घराण्यास काळिमा लावला असें समजून तिची मुलगी चारशें भावांसह तिला मारावयास निघाली. त्याच क्षणीं उइत्सिलोपोच्त्ली सशस्त्र जन्मला व त्यानें बहिणीचे तुकडे केले, अशी ती कथा आहे. मुंडमाळा धारण करणाऱ्या कालीशीं ज्याचा परिचय आहे त्याला ही मूर्ति पाहून इतर परदेशी प्रवाशांइतका धक्का बसावयाचा नाहीं. जी जन्म देते तीच गिळते, हें त्याला नव्यानें सांगावें लागत नाहीं. आणखी एक गोष्ट मार्गदर्शक सांगतात ती अशी कीं, या मूर्तीच्या तळव्याखालींहि, जो भाग जमिनीला टेंकतो आणि कोणालाहि दिसणें शक्य नाहीं त्यावर, भूदेवतेचें पूर्ण शिल्प कोरलेलें आहे. तें कोरणाऱ्यानें प्रेक्षकासाठीं कोरलें नव्हतें हें उघड आहे.

त्याच वर्षीं १७ डिसेंबरला आणखी एक शिळा निघाली. ही वर्तुळाकार, सुमारें ३·६ मीटर व्यासाची आणि चोवीस टनांच्या आसपास वजनाची. मध्यभागीं जीभ बाहेर काढलेलें मुख, भोंवतीं पूर्वीं होऊन गेलेल्या चार सूर्यांचीं, म्हणजे चार युगांचीं चिन्हें, त्याबाहेर वीस दिवसांचीं वीस चिन्हें. हीच सूर्यशिळा. तिला सर्रास पंचांग म्हणतात. परंतु पंचांगाप्रमाणें तिच्यावरून दिवस काढतां येत नाहीं. सोळाव्या शतकांत एका आर्चबिशपनें ही शिळा मुद्दाम पुरावयास लाविली होती, असें दुरान नांवाच्या धर्मोपदेशकानें लिहून ठेविलें आहे.

या दोन शिळांच्या वांट्यास मात्र फार वेगळे भोग आले. सूर्यशिळेंत गणित व कालज्ञान दिसलें. तिला मुख्य गिरजाघराच्या मनोऱ्याच्या भिंतींत उघड्यावर बसविण्यांत आलें, आणि १८८५ सालीं संग्रहालयांत हलवीपर्यंत ती तेथेंच राहिली. कोआत्लिक्वेला विद्यापीठाच्या आवारांत नेलें. अंतोनियो दे लेओन इ गामा या विद्वानानें दोन्ही शिळांचें वर्णन १७९२ सालीं प्रसिद्ध केलें; तेथपर्यंत सर्व ठीक होतें. परंतु लौकरच असें दिसून आलें कीं, शहरांतील मूळचे रहिवासी लपतछपत त्या मूर्तीपुढें येतात, मेणबत्त्या लावतात, फुलें ठेवतात. ज्यांचे पूर्वज अडीचशें वर्षांपूर्वीं ख्रिस्ती झाले होते, जे नियमानें गिरजाघरांत जात होते, त्यांनीं ही देवी पाहतांच ओळखली. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनीं तिला तेथेंच खड्डा खणून पुरलें. १८०३ सालीं अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ मेक्सिकोंत आला. त्याच्या आग्रहावरून ती उकरली, त्यानें पाहिली, आणि माती पुन्हां लोटली गेली. १८२३ सालीं, मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर, विल्यम बुलक नांवाच्या इंग्रजानें तिचा साचा घेण्यासाठीं तिला पुन्हां बाहेर काढविलें आणि पुढील वर्षीं लंडनमध्यें ती प्रतिकृति पैसे घेऊन दाखविली. मूर्ति उघडी होती तेवढ्या दिवसांतहि रात्रीं कोणी तिच्यावर फुलांच्या माळा घालून गेलें. एका वृद्धानें तर बुलकजवळ अशा अर्थाचे उद्गार काढले कीं, स्पॅनिश लोकांनीं दिलेले तिन्ही देव चांगले आहेत, पण पूर्वजांच्या देवांपैकीं चारदोन तरी आमच्याजवळ राहूं द्यावयाचे होते.

गोमंतकाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला या वृद्धाचें बोलणें परकें वाटणार नाहीं. त्याच सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तिसवाडी व साष्टींतील देवळें पाडलीं, तेव्हां कुशस्थळीच्या मंगेशासारखीं दैवतें रातोरात जुवारी नदीपलीकडे अंत्रुज महालांत नेण्यांत आलीं. तेथें दुसऱ्याची सत्ता होती म्हणून तीं वांचलीं आणि आजहि त्यांच्या पालख्या निघतात. मेशिकांना असा पलीकडचा तीर उरला नव्हता. त्यांच्या देवतांना मातीच तेवढी शिल्लक राहिली.

याच दालनांत व्याघ्राच्या आकाराचें एक भव्य दगडी पात्र आहे. त्याच्या पाठीवरील खळग्यांत बळी दिलेल्या माणसांचीं हृदयें ठेवीत. मार्गदर्शक येथें आवाज खालीं आणतो आणि प्रवासी एकमेकांकडे पाहतात. नरबलीची प्रथा होती. ती सौम्य करून सांगण्यांत कोणाचेंच हित नाहीं. विजेत्यांनीं मात्र तिचा उपयोग आपल्या सर्व कृत्यांचें समर्थन म्हणून केला, आणि त्याच विजेत्यांनीं १५७१ सालीं याच शहरांत इन्क्विझिशनचें न्यायासन मांडून माणसें जाळलीं, हेंहि त्याच श्वासांत सांगितलें पाहिजे.

माया लोकांचें दालन थंड आणि काळोखें आहे. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पांच, आणि शिंपल्याचें चिन्ह म्हणजे शून्य, एवढ्या तीन चिन्हांवर त्यांनीं वीसच्या पटीचें स्थानमूल्याचें अंकगणित उभारलें. भारतीयांच्या शून्याशीं त्यांचा कसलाहि संबंध नव्हता. पृथ्वीच्या दोन टोंकांना मानवी बुद्धि स्वतंत्रपणें एकाच ठिकाणीं पोंचली. पालेन्के येथील पाकाल राजाचें (राज्यकाल ६१५ ते ६८३) थडगें अल्बेर्तो रूस या संशोधकानें १९५२ सालीं शोधलें. त्याच्या चेहऱ्यावरील हिरव्या जेड दगडाचा मुखवटा येथें आहे. १९८५ च्या नाताळच्या रात्रीं तो शंभराहून अधिक वस्तूंसह चोरीस गेला. पहारेकऱ्यांना पत्ता लागला तो सकाळीं! १९८९ सालीं बहुतेक माल परत मिळाला.

वरच्या मजल्यावर आजच्या आदिवासी समाजांचीं दालनें आहेत. त्यांचीं घरें, वस्त्रें, मक्याचीं जातीं. खालीं गर्दी, वर शुकशुकाट. दगडांना नमस्कार करणारे पुष्कळ, त्या दगडांच्या वारसांना भेटावयास जिना चढणारे थोडे.

बाहेर पडतांना पुन्हां तो त्लालोक दिसतो. तो मूळचा कोआत्लिंचान गांवाजवळच्या ओढ्यांत आडवा पडलेला होता. त्याच्या अंगावरील वाटोळ्या खळग्यांवरून गांवकरी त्याला वाडग्यांचा दगड म्हणत, आणि पाऊस त्याच्याच हातीं आहे असें मानीत. १९६४ सालीं त्याला राजधानींत नेण्यासाठीं खास गाडा बांधला तेव्हां गांवानें विरोध केला; टांगता सांगाडा मोडला, चाकांतील हवा सोडली. शेवटीं सैन्य आलें. मोबदल्यांत शाळा, दवाखाना आणि रस्ता मिळाला. १६ एप्रिल रोजीं, ऐन कोरड्या ऋतूंत, तो दगड रात्रीं शहरांत पोंचला आणि धो धो पाऊस कोसळूं लागला. रस्त्यांवर जमलेले हजारों लोक भिजत उभे राहिले. कोआत्लिंचानच्या चौकांत आतां त्याची तेवढीच मोठी प्रतिकृति उभी आहे. ज्या ओढ्यांतून त्याला उचललें तो ओढा गांवापासून थोड्याच अंतरावर आहे.