वेताळ टेकडीवरचं भूत

परवा वेताळ टेकडीवर मी एका भुताला हरवलं. घाबरू नका, भूत माझंच होतं.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत मी फोनसाठी एक छोटंसं ॲप लिहिलं. टेकडीवरच्या याच वाटेवर २०१४ साली धावलो होतो, त्याची नोंद जपून ठेवली होती. आता धावताना ॲप कानात सांगतं, "बारा सेकंद मागे". व्हिडिओ गेमवाले याला घोस्ट म्हणतात. १९९२च्या 'सुपर मारिओ कार्ट'मध्ये आपल्याच जुन्या फेरीची पुसट गाडी आपल्याबरोबर पळायची. आपल्याकडे हा शब्द आणखी नेमका आहे. होऊन गेलेलं ते भूत, भूतकाळ त्यातलाच.

शेजारी नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी शर्यत लावण्याची हौस जुनीच. फिनलंडचा पावो नुर्मी हातात स्टॉपवॉच धरून धावायचा. १० जुलै १९२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने तासाभराच्या आतल्या विश्रांतीवर १५०० आणि ५००० मीटरची दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. बाकीच्यांकडे बघण्यापेक्षा तो घड्याळाकडे बघे. पुढे ६ मे १९५४ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टरने मैलभर अंतर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत तोडलं, तेव्हा गती धरून द्यायला ब्रॅशर आणि चॅटवे हे दोन मित्र पुढे धावत होते.

धाव जशीच्या तशी टिपणं मात्र तुमच्या-माझ्या आवाक्यात फार उशिरा आलं. अमेरिकन सरकार जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकू शकायची. १ मे २०००च्या रात्री ते बंद झालं. २००३ मध्ये गार्मिनचं 'फोररनर २०१' मनगटावर आलं. त्यात 'व्हर्च्युअल पार्टनर' होता, पण तो आपण ठरवू त्या एकाच वेगाने पळायचा. १४ ऑगस्ट २०२०ला मोनॅकोत जोशुआ चेप्तेगेईने ५००० मीटरचा बेकेलेचा २००४चा विक्रम जेमतेम दोन सेकंदांनी मोडला (१२:३५.३६), तेव्हा ट्रॅकच्या कडेने दिवे पळत होते. तेही ठरवून दिलेल्या गतीनेच.

नोंदवलेली धाव अशी नसते. ती दमते, वळणावर रेंगाळते. आणि माझी तर खाणीपाशी चक्क थांबत होती! पन्नास सेकंद. मी तेवढ्यात पुढे सटकायचो आणि जिंकायचो.

मला वाटलं, झाडीत जीपीएस चुकलं असणार. दोन संध्याकाळी कोड उसवला. चूक सापडली नाही. मग तारीख बघितली आणि आठवलं. त्या दिवशी दादा बरोबर होता. त्याला धाप लागली होती, म्हणून मी खाणीपाशी त्याची वाट बघत उभा होतो.

थांबलेला वेळ वगळायला कोडमध्ये फक्त एक ओळ लागते. लिहिलीही. भूत एकदम चपळ झालं. पण मग ती धाव माझी वाटेना. त्या सकाळचं जे काही होतं ते त्या पन्नास सेकंदांतच होतं, आणि मी नेमकं तेच चूक समजून काढून टाकत होतो. ओळ पुसली.

दादाने गुडघ्यांमुळे धावणं कधीच सोडलंय. फोनवर त्याला सगळं सांगितलं. खूप हसला. म्हणाला, "अरे, मग तूही थांब की तिथे!"

रविवारी थांबलो. पन्नास सेकंद, त्याच जागी. मागे वळून वाटेकडे बघत. मग भूत निघालं, मीही निघालो.

वरपर्यंत काही त्याला गाठता आलं नाही. असो.