बंदुकीचा दस्ता आणि त्याखालचा टेकू

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (औरंगाबाद) दौलताबाद किल्ल्यावरील मेंढा तोफ पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम तिच्या मागच्या टोकाला असलेल्या मेंढ्याच्या मुखाकडे जाते. तोफेवर औरंगजेबाचे नाव कोरलेले असून 'किल्ला शिकन' म्हणजे किल्ला फोडणारी या नावानेही ती ओळखली जाते. मात्र तिची खरी करामत बुरुजावरील आसात आहे. या आसामुळे एवढे अवजड धूड जागच्या जागी फिरवून नेम धरता येत असे. तोफेचा सारा भार थेट आसावर आणि तिथून बुरुजावर उतरतो.

हातातल्या बंदुकीची गोष्ट निराळी आहे. तिची नळी दस्त्यात बसवलेली असते आणि टेकू दिला जातो तो दस्त्याला. पूर्वीच्या लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका दुबेळक्यावर टेकवून झाडीत, तेव्हाही हेच होते. आजच्या रायफलीला पुढे बसवला जाणारा दोन पायांचा घडीचा टेकू, म्हणजे बायपॉड, हे त्याचेच सुधारलेले रूप होय. सागवान वा अक्रोडाचा भरीव दस्ता हा भार निमूटपणे सोसतो. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची ०.३१५ बोअरची रायफल बाळगणाऱ्याला या प्रश्नाचा विचार करावा लागत नाही, तो यामुळेच. प्रश्न उभा राहतो तो प्लॅस्टिकच्या दस्त्यात.

असे दस्ते बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे, साच्यात ओतून केलेले असतात. मोटारींचे अनेक सुटे भागही याच पदार्थाचे असतात. तो हलका, स्वस्त आणि पावसापाण्याने न फुगणारा असला, तरी वजन व खर्च वाचवण्यासाठी दस्त्याचा पुढचा भाग आतून पोकळ ठेवून पातळ आडव्या पट्ट्यांवर निभावून नेलेला असतो. नुसत्या हाताने दाबला तरी तो वाकतो.

अचूक रायफलीत नळी दस्त्याला पुढे कुठेही टेकू नये, असा दंडक आहे. गोळी सुटताना नळी कंप पावते आणि तो कंप दर वेळी सारखा असेल तरच गोळ्या एका जागी पडतात. नेमबाज बायपॉडवर अंग रेलून बसतो तेव्हा पोकळ दस्ता वर उचलला जाऊन नळीला भिडतो. पुढच्या वेळी भार कमी पडला तर भिडत नाही. मग दोष काडतुसाला, दुर्बिणीला किंवा वाऱ्याला दिला जातो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो तेव्हा हे प्लॅस्टिक अधिकच नरम होते. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाचा तुकडा सरकवावा आणि बायपॉडवर भार देऊन पाहावे. कागद अडकला तर दुखणे कुठे आहे ते कळते.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे पोकळी भरणे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी व यंत्रणा दस्त्यातून काढली जाते. पोकळीत ॲल्युमिनियमच्या नळ्या किंवा कार्बन तंतूंच्या कांड्या लांबीला बसवून भोवती इपॉक्सी ओतले जाते. मेख अशी, की नायलॉनला इपॉक्सी नीट चिकटत नाही. म्हणून आतील पट्ट्यांना भोके पाडून पृष्ठभाग खरवडावा लागतो, जेणेकरून घट्ट झालेले इपॉक्सी त्यात अडकून राहील. ते घट्ट होताना तापते. एकदम सारे ओतल्यास दस्ता वाकडा होण्याचा धोका असतो, म्हणून थर थोडे थोडे द्यावेत. तुळईची जाडी दुप्पट केली की तिचा ताठरपणा आठपट होतो. त्यामुळे कांड्या एकीशेजारी एक ठेवण्यापेक्षा एक वर व एक खाली ठेवणे अधिक गुणकारी ठरते. बायपॉड अडकवण्याचा स्क्रूही नुसत्या प्लॅस्टिकमध्ये पिळलेला नसावा. आतून नट व रुंद वॉशर देऊन तो इपॉक्सीत पक्का करतात. त्याचे टोक नळीपर्यंत पोचता कामा नये, हे वेगळे सांगायला नको. या खटाटोपाने रायफलीचे वजन पुढच्या बाजूला वाढते. उभ्याने नेम धरणाऱ्याला ते नकोसे वाटेल.

शिवाय बायपॉड सर्वत्र चालत नाही. ऑलिम्पिकमधील रायफल प्रकारांत तो वर्ज्य आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून व पालथे पडून नेम धरताना केवळ पट्ट्याचा आधार घेता येतो, उभ्याने तोही नाही. पॅरा नेमबाजीत मात्र ज्यांचे हात रायफलीचा भार पेलू शकत नाहीत, अशा एसएच-२ गटातील खेळाडूंना स्प्रिंग बसवलेल्या स्टँडची मुभा आहे. बायपॉडला हक्काची जागा आहे ती लांब पल्ल्याच्या 'एफ क्लास' प्रकारात. भारतातील नेमबाजीची शिखर संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते आणि त्यांच्या नावाची स्पर्धा नेमबाजांना आजही परिचित आहे.

हौसेने हत्यारे घेऊन बसण्यापूर्वी कायदा पाहणे आवश्यक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची निर्मितीच नव्हे, तर दुरुस्ती आणि रूपांतर यांसाठीही परवाना लागतो. नळी आखूड करण्याबाबत कलम ६ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. रायफल बाळगण्याचा परवाना असला म्हणून ती दुरुस्त करण्याचा परवाना मिळाला असे होत नाही. दस्त्याचे काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावे आणि शंका असल्यास परवाना देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तालयात व ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात, आधी विचारणा करावी.