खोट्या दागिन्यांचे वय

मोपासांची 'ला पारुर' (१८८४) ही कथा वाङ्मयाच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी कोणत्या ना कोणत्या भाषांतरातून वाचलेली असते. उसना आणलेला हिऱ्यांचा हार हरवतो, त्याची भरपाई करता करता एका जोडप्याची दहा वर्षे खर्ची पडतात आणि अखेरीस कळते की हार मुळात काचेचाच होता. आदल्याच वर्षी मोपासांने याच्या नेमकी उलटी कथा लिहिली होती. 'ले बिझू'मध्ये दिवंगत पत्नीचे खोटे म्हणून हिणवलेले दागिने सराफाकडे नेल्यावर खरे निघतात. पुढे १८९९ साली हेन्‍री जेम्सने 'पेस्ट' लिहून हा डाव आणखी एकदा उलटवून पाहिला. तिन्ही कथा एकाच प्रश्नाभोवती फिरतात : खरे की खोटे?

जुन्या नकली दागिन्यांच्या संग्राहकांमध्ये काही काळ वावरल्यावर आमच्या ध्यानात आले, की त्यांच्या लेखी हा प्रश्न उरलेलाच नसतो. दागिना खोटा आहे हे विकणारा जाणतो, घेणाराही जाणतो. त्यांचे सारे वाद वेगळ्याच गोष्टीवर होतात. हा खोटा दागिना कधीचा, आणि कोणाचा?

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्री १९४८ ते १९५० ही दोन वर्षे पतीच्या शिक्षणानिमित्त फिलाडेल्फियात राहिल्या होत्या. परत निघताना घरमालकिणीने आपल्या अंगावरचा ब्रोच काढून त्यांच्या पदराला लावला, ही गोष्ट त्या घरातील तीन पिढ्यांनी ऐकलेली. मातोश्री गेल्यानंतर तो ब्रोच, एक सोनेरी पान आणि त्यावर दवासारखे बारीक खडे, स्नेह्यांनी आमच्या हाती दिला. 'याचा काही इतिहास सापडतो का पाहा', एवढेच म्हणाले. पाठीमागे भिंगातून तीन गोष्टी दिसल्या. एक इवलासा मुकुट, त्याखाली 'ट्रिफारी' हे नाव आणि नावाशेजारी वर्तुळातले 'सी' हे अक्षर. आमचा घोटाळा झाला तो या शेवटच्या अक्षराने.

त्याचे कारण सांगण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल. नकली रत्नांची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडेरिक स्ट्रास या जडजवाहिऱ्याने शिशाच्या काचेचे खडे इतके नामी केले, की अनेक युरोपीय भाषांत 'स्ट्रास' हाच अशा खड्यांचा वाचक शब्द होऊन बसला. लंडनच्या क्रिस्टोफर पिंचबेक या घड्याळजीने तांबे आणि जस्त यांचा सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू काढला, तर इंग्रजीत त्याचे नाव 'नकली' या अर्थाचे विशेषण झाले. मेहनत कारागिराची आणि बदनामीही त्याच्याच नावाची, असा हा प्रकार. मात्र आजचा संग्राहक ज्याच्यामागे धावतो तो दागिना मुख्यतः विसाव्या शतकातला, आणि त्यातही १९२० ते १९७० च्या दरम्यानचा अमेरिकी. न्यूयॉर्कमध्ये त्याची कल्पना निघे, र्‍होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्सच्या कारखान्यांत त्यातला बराचसा ओतला जाई.

या मालाच्या कालनिर्णयाची पद्धत आपल्या परिचयाची आहे. एखाद्या पोथीवर शक नसेल तर आपण कागद पाहतो, अक्षरवळण पाहतो, पुष्पिका पाहतो. आणि पोथीत सर्वांत अलीकडची जी खूण सापडेल, तिच्याआधी ती प्रत झालेली असणे शक्य नाही, एवढे निश्चित करून पुढे जातो. दागिन्याचेही तेच. जुन्या ब्रोचच्या पाठीवर टाचणी अडकवायला साधा उघडा आकडा असतो, पुढे त्याला फिरणारी सुरक्षित कडी येते. कर्णफुलांत फिरकीनंतर १९३० च्या दशकात चिमट्याची पद्धत रुळते. खड्यांवर तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुषी पाणी दिसले तर तो दागिना १९५० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा असू शकत नाही, कारण ऑस्ट्रियाच्या स्वारोव्हस्कीने हा लेप, 'ऑरोरा बोरिआलिस', तेव्हाच बाजारात आणला. पण यातली प्रत्येक खूण अलीकडची सीमा दाखवते, जन्मतारीख सांगत नाही. जुनी टाचणी तुटल्यावर नवी झाळली जाते. साचे कारखान्यांहून दीर्घायुषी असतात आणि दुसऱ्याच्या हाती गेल्यावर पुन्हा ओतले जातात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीत मूळचे किती आणि शोधनाचे किती हे ठरवताना अभ्यासकांची जी दमछाक होते, तिची छोटी आवृत्ती एखाद्या दुरुस्त केलेल्या ब्रोचच्या पाठीवरही अनुभवास येते.

रंगाची साक्ष तर फारच फसवी. लिओ बेकलंडने १९०७ साली शोधलेल्या बेकेलाइटच्या कुळातील बांगड्यांवर आज संग्राहक जीव टाकतात, आणि तो लोण्यासारखा पिवळा रंग पाहून हरखतात. त्यातल्या कित्येक बांगड्या मुळात पांढऱ्या होत्या! हवा आणि उजेड लागून पृष्ठभाग पिवळा पडला. बनवणाऱ्याने जो रंग पाहिलाच नाही त्यावर आपण भाळतो. (गरम पाण्याखाली धरल्यावर कार्बोलिकसारखा उग्र वास आला म्हणजे बेकेलाइट, ही परीक्षा आम्ही करून पाहिली. घरातील मंडळींचे त्यावरचे मत येथे नोंदवत नाही.)

सर्वांत बोलका पुरावा युद्धाने मागे ठेवला आहे. १९४२ पासून अमेरिकेत कथलासारखे धातू लष्करी उत्पादनासाठी राखून ठेवण्यात आले. नकली दागिन्यांच्या ओतकामात कथिल लागे, ते मिळेना. म्हणून कारखानदार चांदीकडे वळले आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा देऊ लागले. परिणामी, खोटे दागिने युद्धकाळातच सर्वांत खरे झाले. मध्य युरोपातून येणारे खडेही थांबले होते. ट्रिफारीच्या आल्फ्रेड फिलिपने पारदर्शक प्लास्टिकच्या पोटाचे कोंबडे, मासे आणि माशा घडवल्या, त्या याच काळात गाजल्या. या मालाच्या पाठीवर 'स्टर्लिंग' असा ठसा आढळतो. युद्धानंतर काही काळ चांदी टिकली, मग पुन्हा हलके धातू आले. तेव्हा ओतीव मुलाम्याच्या ब्रोचवर 'स्टर्लिंग' दिसले की संग्राहकाच्या मनात १९४० चे दशक उभे राहते ते उगाच नव्हे.

आता वर्तुळातले 'सी'. १९५५ पर्यंत नकली दागिन्यांची आकृती कलाकृती मानली जात नव्हती, त्यामुळे तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळत नसे. नक्कल रोखायची तर डिझाइन पेटंट घ्यावे लागे. त्याला महिने लागत आणि तोवर फॅशनचा हंगाम उलटून जाई. १९५४ साली दिव्याच्या बैठकीसाठी केलेल्या नर्तकांच्या पुतळ्यांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, वस्तू उपयोगाची असली म्हणून तिचे कलात्व नाहीसे होत नाही, अशा आशयाचा निर्णय दिला. दुसऱ्याच वर्षी ट्रिफारीने चॅरेल या कंपनीवर लावलेल्या दाव्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नकली दागिन्यालाही तोच न्याय लावला. तेथून हे चिन्ह पाठीवर सर्रास उमटू लागले. म्हणून ट्रिफारीच्या दागिन्यावर ते असले तर तो १९५५ च्या आधीचा नाही, असे जाणकार धरून चालतात.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रसंग विशेष वाटावा. जी वस्तू अनुकरण म्हणून जन्मली तिला न्यायालयाने 'मूळ कृती' ठरवले. आमची अडचण मात्र अधिक घरगुती होती. १९५० साली निरोपाच्या वेळी पदराला लावलेला ब्रोच १९५५ नंतर घडलेला कसा?

याच शोधात पेटंटच्या कागदांचाही नाद लागला. अमेरिकी पेटंट कार्यालयाची जुनी चित्रे आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. आकृती जुळली की दिनांक हाती येतो. पण येथेही सापळे आहेत. कोरो कंपनीच्या 'ड्युएट' जातीच्या जोडब्रोचवर १७९८८६७ हा क्रमांक असतो. तो शोधला की ३१ मार्च १९३१ ही तारीख निघते आणि संग्राहक आनंदाने ती आपल्या ब्रोचला चिकटवतो. वास्तविक तो क्रमांक दोन पिना एका चौकटीत बसवणाऱ्या यंत्रणेचा आहे. ती यंत्रणा पुढे अनेक वर्षे वापरात होती. वर जडवलेली फुले नि पाखरे मागाहूनची असू शकतात. ग्रंथाच्या बांधणीवरून ग्रंथाचा काळ ठरवण्यासारखेच हे.

दुसरा सापळा आम्हांला अधिक अस्वस्थ करून गेला. कोरोच्या असंख्य डिझाइन पेटंटांवर कर्ता म्हणून अ‍ॅडॉल्फ कॅट्झ हे नाव आहे. वर्षानुवर्षे विक्रेते ते ब्रोच 'कॅट्झने रेखलेले' म्हणून खपवत आले. कॅट्झ हे कंपनीतील अधिकारी. कोणती आकृती बाजारात न्यायची याची निवड ते करीत. रेखाटणारे हात जीन व्हेरेकिया यांच्यासारख्या नोकरदार कलावंतांचे होते, आणि कागदावर त्यांचे नाव क्वचितच येते. कागद खोटा नाही, ठसाही खोटा नाही, तरी त्यांच्या साक्षीवरून लिहिलेला इतिहास चुकीचा ठरतो. आमच्या मते बिनठशाच्या दागिन्यांवर संग्राहक जो अन्याय करतात त्याचे मूळही येथेच आहे. मिरियम हॅस्केलच्या कार्यशाळेतला माल १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतांशी बिनठशाचा असे, म्हणून कोणत्याही चांगल्या बिनठशाच्या मोत्यांच्या सराला आज 'हॅस्केल' म्हणण्याचा मोह होतो. ज्यांनी तो खरोखर ओवला ते अनाम कारागीर या मोहात दुसऱ्यांदा पुसले जातात.

ठशांतील देशांची नावे तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय. १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे अमेरिकेत येणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव इंग्रजीत घालणे भाग पडले. म्हणून 'चेकोस्लोव्हाकिया' हा ठसा १९१८ नंतरचा, 'ऑक्युपाइड जपान' हा १९५२ मध्ये संपणाऱ्या ताब्याच्या काळातला. उत्तर बोहेमियातील गाब्लोन्झ, आजचे याब्लोनेत्स, हे काचमणी आणि खड्यांचे माहेर. आपल्याकडेही तिथल्या बांगड्या आणि मणी मोठ्या प्रमाणावर येत. 'बिलोरी' म्हणून आपल्या आज्या ज्या मिरवत त्यांतल्या काही त्याच भट्ट्यांतून आलेल्या असाव्यात. १९४५ नंतर तेथील जर्मन भाषक रहिवाशांना हाकलण्यात आले. त्यांतल्या अनेकांनी बव्हेरियात कौफबॉयरेनजवळ, एका मोडीत निघालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या आवारात, पुन्हा खडे घडवायला सुरुवात केली आणि वस्तीला नाव दिले नोयगाब्लोन्झ, नवे गाब्लोन्झ. तेव्हा कोंदण आणि खडा यांची ठेवण तीच असूनही एकावर 'चेकोस्लोव्हाकिया' आणि दुसऱ्यावर 'वेस्टर्न जर्मनी' असा ठसा दिसला, तर दोहोंच्या मधे कुणाचे तरी घर सुटलेले असू शकते. संग्राहकांच्या मार्गदर्शिकांत यासाठी एक ओळ असते, तीही किमतीच्या रकान्याआधी.

असो. स्नेह्यांना आम्ही वर्तुळातल्या 'सी'बद्दल सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. आई खोटे सांगत होती का, असे त्यांनी विचारले नाही. आम्हीही तो विषय काढला नाही. पंधरा दिवसांनी ते एक छायाचित्र घेऊन आले. १९५० सालचे, मुंबईच्या धक्क्यावर उतरताना काढलेले. मातोश्रींच्या खांद्यावर ब्रोच आहे. भिंगाखाली चित्र पुसट होते, तरी आकार स्पष्ट आहे : ब्रोच गोल आहे, पान नव्हे. म्हणजे ब्रोच दोन होते. पहिला कधीतरी हरवला असावा आणि त्याची गोष्ट दुसऱ्याला चिकटली. दुसरा कोठून आला? घरमालकिणीची पत्रे १९६० पर्यंत येत होती, असे स्नेह्यांच्या थोरल्या बहिणीला आठवते. एकदा पार्सलही आले होते. त्यात काय होते ते तिला आठवत नाही. वरचे टपालाचे तिकीट मात्र तिने काढून घेतले होते.

स्नेह्यांसाठी तयार केलेल्या यादीत आम्ही दोन नोंदी केल्या. पहिली : पानाच्या आकाराचा ब्रोच, ट्रिफारी, १९५५ किंवा नंतर. दुसरी : गोल ब्रोच, १९५० किंवा आधी, फक्त छायाचित्रात, पाठ दिसत नाही.